राखेवर माती कोण टाकतं?

राब भाजायचं काम बाबा दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. आमचं गाव माणगाव तालुक्यातलं. भाताची रोपं जिथं करायची त्या जागेवर मार्च-एप्रिलात आधी शेण पसरायचं, त्यावर कवळ, म्हणजे ऐना-किंजळाच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, मग पातेरा, मग गवत आणि सगळ्यात वर बारीक माती. ती माती टोपलीतून नेऊन देणं हे लहानपणी माझं काम. दरवर्षी एकच वाक्य कानावर पडायचं, “सगळीकडं नीट बसव गं, नायतर राख वाऱ्यावर जाईल.” मग वारा बघून, त्याच्या उलट बाजूनं काडी लावायची. आग भडकायची नाही, दिवसभर धुमसत सरकायची.

हे सगळं आठवलं ते बेलीझमध्ये, जळून काळ्या झालेल्या माळावर गुडघे टेकून बसले होते तेव्हा. समोर ॲल्युमिनियमची उथळ ताटली होती. आदल्या दिवशी तिच्यात बोटभर राख पडलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. आता तळाला करड्या रंगाचा एक पुसट थर आणि अर्धवट जळलेल्या चार काड्या. रात्री वारा सुटला होता. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मार्गदर्शकांसमोर मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं होतं की आगीनंतर लगेच राख गोळा करून तिच्यात किती अन्नद्रव्यं आहेत ते मोजेन. “लगेच” म्हणजे सहा तासांत, हे तेव्हा सुचलं नव्हतं. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी फुकट सांगितलं असतं.

बेलीझ हा मेक्सिको आणि ग्वाटेमाला यांच्या कुशीतला चिमुकला देश. १९७३ पर्यंत त्याचं नाव ब्रिटिश होंडुरास होतं, स्वातंत्र्य मिळालं १९८१ मध्ये. समुद्र, प्रवाळ आणि घनदाट जंगल यांसाठी लोक तिथं जातात. पश्चिमेला कायो जिल्ह्यात, जंगलातून चढत गेलेल्या लाल मातीच्या रस्त्यानं वर आलं की एका वळणावर जंगल एकदम संपतं आणि आपण पाईनच्या उघड्या माळावर येतो. हे माउंटन पाइन रिज. वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे दाट जंगल वाढायला काहीच हरकत नाही. पण पायाखाली ग्रॅनाइट झिजून झालेली जाडसर पांढरी वाळू. बूट घासला की साखरेसारखी करकरते. या वाळूला अन्नद्रव्यं धरून ठेवता येत नाहीत. जे काही धरलं जातं ते वरच्या काही बोटांत, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या आणि मुळ्यांच्या आधारानं.

माती किती दरिद्री आहे याचा पुरावा मला तिसऱ्याच दिवशी एका ओलसर खळग्यात मिळाला. गवताच्या बुडाशी नखाएवढ्या लालसर पानांवर चिकट थेंब चमकत होते. ड्रॉसेरा! कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारी आमची दवबिंदू, तिचीच चुलत बहीण. किडे खाणारं झाड जिथं सुखानं नांदतं तिथल्या मातीत नायट्रोजन-फॉस्फरस शोधायला जाऊ नये, हे सड्यावर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावर, वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आणि अशा जागी वणवे लागतात. फेब्रुवारी ते मे कोरडा हंगाम. वीज पडून, माणसाच्या हातून, कधी वनखात्यानं ठरवून लावलेले. गवत जळतं, पाईनच्या सुया जळतात, झुडपं जळतात. वर्षानुवर्षं झाडांनी कणाकणानं जमवलेली पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस ही पुंजी एका दुपारी राख होऊन जमिनीवर मोकळी पडते, आणि महिन्या-दीड महिन्यात धो धो पाऊस. वाळू धरून ठेवत नाही, राखेवर माती टाकायला कुणी नाही. मग दर वणव्यागणिक हा माळ आणखी नागडा व्हायला हवा. पण तसं झालेलं दिसत नाही. पाईन आहेत, ओक आहेत, गवत दरवर्षी कमरेएवढं वाढतं. हा माझा प्रश्न होता. तो मी शोधलेला नव्हता. कॅनडातले भूगोलतज्ज्ञ मार्टिन केलमन यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत याच माळावर काम केलं होतं. १९७९ च्या त्यांच्या लेखात उघड्या गवताळ मातीपेक्षा रुंद पानांच्या झाडांखालची माती जास्त सकस असल्याचं दाखवलेलं आहे. मला त्याच धाग्याचं दुसरं टोक धरायचं होतं: जळल्यावर काय होतं, आणि ते कोण सांभाळतं.

“कोण” याचं माझं उत्तर सुरुवातीला पाईन हेच होतं. मोठं झाड, खोल मुळं, सगळं शोषून घेत असणार. तिथं पोचल्यावर ते उत्तर जरा लटपटलं, कारण मोठी झाडं फारशी नव्हतीच. २००० च्या आसपास खोडकिड्याची प्रचंड साथ आली आणि इथले बहुतांश पाईन वाळून गेले. मी पाहिले ते २०१२ च्या एप्रिलमधले पाईन दहा-बारा वर्षांचे, मनगटाएवढे, रांगेत उभ्या केलेल्या शाळकरी पोरांसारखे एका उंचीचे. त्यांच्यापेक्षा माळ व्यापला होता तो खाली वाढणाऱ्या मंडळींनी: गवताचे झुबके, लव्हाळ्याच्या जाती, नेच्यांची जाळी, अंजनीच्या कुळातली लवदार पानांची झुडपं, आणि क्राबू. क्राबू म्हणजे पिवळ्या बोराएवढ्या फळांचं खुरटं झाड, स्पॅनिश बोलणारे त्याला नान्से म्हणतात. फळ पिकलं की आंबूस चीजसारखा वास येतो. मला आवडलं. बरोबरच्या कॅनडियन मुलाला ते नाकाजवळही नको असायचं.

माझ्याबरोबर कामाला जवळच्या गावातले एक गृहस्थ होते. साठीचे, वनखात्यात आयुष्य गेलेलं, प्रत्येक झाड ओळखणारे. एवढ्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारणं मला जमेना, म्हणून पहिल्या दिवशी मी सवयीनं “काका” म्हणाले. आग विझवणाऱ्या टोळीतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. तासाभरानं एकानं दया येऊन सांगितलं की स्पॅनिशमध्ये काका म्हणजे शी. त्यानंतर मी त्यांना तिओ म्हणू लागले, म्हणजे तेच, काका. पोरं मात्र मी निघेपर्यंत अधूनमधून “काका!” अशी हाक मारून घेत.

काम असं होतं. चार-चार मीटरचे बारा वाफे आखले. चार न जाळता ठेवायचे. आठ जाळायचे, आणि त्यातल्या चारांत आगीनंतर जे जे फुटेल ते दर आठवड्याला जमिनीलगत छाटायचं. उरलेल्या चारांत जे होईल ते होऊ द्यायचं. बाहेरची मुळं आत येऊ नयेत म्हणून प्रत्येक वाफ्याभोवती चर खणून त्यात प्लॅस्टिकचा पडदा पुरला. वाळूत चर खणणं सोपं वाटतं. गवताच्या मुळ्यांचा वरचा थर मात्र गोधडीसारखा, कुदळ नुसती उसळी मारायची. तिओंनी माझ्या हातातून ती काढून घेतली आणि कोयत्यानं आधी चिरा पाडून मग खणायला लावलं. हा थर माझ्या हातांना त्या दिवशी कळला. डोक्यात शिरायला आणखी तीन महिने लागले.

मग प्रत्येक वाफ्यात लायसीमीटर. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी: पीव्हीसीची नळी आणि तिच्या टोकाला सच्छिद्र चिनीमातीचा पेला, साधारण अंगठ्याएवढा. तो पंधरा आणि साठ सेंटीमीटरवर पुरायचा, हातपंपानं नळीतली हवा ओढून घ्यायची, रबरी बूच लावायचं. मातीतलं पाणी हळूहळू पेल्यात झिरपतं, दुसऱ्या दिवशी सिरिंजनं काढून घ्यायचं. पंधरा सेंटीमीटरवरचं पाणी मुळांच्या गर्दीतलं. साठवर जे पोचलं ते बहुतेक मुळांच्या हातून निसटलेलं. माती बसायला वेळ हवा म्हणून हे आगीच्या आधीच पुरावं लागतं, आणि नळीचं तोंड मातीखाली झाकून वर कौलाचा तुकडा ठेवायचा. एका नळीवरचा तुकडा ठेवायला मी विसरले. आगीनंतर तिथं वितळून गोळा झालेलं पांढरं प्लॅस्टिक सापडलं. टोळीतल्या पोरांनी ते अनेक दिवस बक्षिसासारखं जीपच्या आरशाला टांगलं होतं.

आगीचा दिवस वनखात्यानं ठरवला होता. सकाळी दव वाळेपर्यंत थांबले, मग वारा ज्या दिशेला जातो तिकडच्या कडेनं आधी एक पट्टा जाळून काळा करून घेतला. बाबांची रीत! तो पट्टा रुंद झाल्यावर समोरून, वाऱ्याबरोबर, मुख्य आग लावली. आधी कानात काहीतरी तडतडलं, कढईत मोहरी टाकल्यासारखं, मग राळेचा गोड दाट वास, आणि मग आग माझ्या वाफ्यांवरून गेली. गेली म्हणजे अक्षरशः गेली. एका वाफ्यावर मिनिटभरही थांबली नसेल. मी महिनाभर खपून मांडलेला संसार, आणि पाहुणी चहालाही थांबली नाही.

आगीआधी मी काही फरशांवर वेगवेगळ्या तापमानाला वितळणाऱ्या रंगांचे ठिपके देऊन ठेवले होते. जमिनीवरच्या फरशांवर काहीशे अंशांपर्यंतचे ठिपके वितळले होते. फक्त पाच सेंटीमीटर खाली पुरलेल्या फरशीवरचा सगळ्यात नाजूक ठिपकासुद्धा जसाच्या तसा होता. फरशी हातात घेतली तर ती गारच. आग पाठीवरून गेली आणि खालच्यांना पत्ता नाही.

त्या ठिपक्यांचा अर्थ थोडा उलगडून सांगायला हवा, कारण “आगीत सगळं जळून जातं” हे जितकं खरं वाटतं तितकं ते नाही. नायट्रोजन साधारण २०० अंश सेल्सियसपासूनच वायुरूपात उडायला लागतो, तेव्हा गवताच्या आगीत त्यातला मोठा भाग धुरातून जातो आणि त्याला कुणी अडवू शकत नाही. पोटॅशियम आणि फॉस्फरस यांना वायू व्हायला साडेसातशेच्या वर तापमान लागतं, कॅल्शियमला १४८० च्याही वर. गवताच्या आगीत एवढा ताप फार वेळ टिकत नाही. म्हणून ही द्रव्यं राखेत उरतात. थोडीफार राख धुराबरोबर उडते ती सोडली, तर ती जागच्या जागीच असतात. प्रश्न पुढचा असतो: वारा आणि पाऊस.

वाऱ्याची गोष्ट सांगितलीच. दुसऱ्या आगीच्या वेळी मी ताटल्यांवर जाळी लावली आणि संध्याकाळीच राख उचलली. तेव्हा एक गोष्ट दिसली, जी ताटली कधीच दाखवू शकली नसती. उघड्या वाळूवरची राख उडून गेली होती, पण गवताच्या जळक्या बुडख्यांमध्ये, जिथं खुंटांची दाटी असते तिथं, ती भुकटी जमून राहिली होती. बोटानं उकरलं तर चांगली दोन पेरं खोल. झुबक्याला वर पान उरलेलं नव्हतं, पण उरलेल्या खुंटांचा खराटा राख गाळून धरत होता. मी ताटल्या मुद्दाम झुबक्यांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवल्या होत्या, कारण तिथं त्या सपाट बसायच्या.

त्या आठवड्यात डॉक्टर फ्लाय नावाच्या पिवळ्या माशीनं डोळ्याच्या वर चावा घेतला आणि दोन दिवस मला एकाच डोळ्यानं काम करावं लागलं. तिओंनी कसलासा पाला चुरगळून लावला. त्यानं उतरलं की आपोआप उतरलं ते सांगता येणार नाही.

सहाव्या की सातव्या दिवशी सकाळी वाफ्यांकडे गेले तर काळ्या जमिनीवर हिरव्या टाचण्या. पाऊस? एक थेंब नाही. मातीही वरून कोरडी ठणठणीत. तरी गवताच्या प्रत्येक झुबक्यातून बोटभर पाती वर आलेली. दहाव्या दिवशी नेच्यांच्या मुठी उघडू लागल्या, आणि जळून कोळसा झालेल्या क्राबूच्या बुंध्याशी, जमिनीतूनच, तांबूस लवदार धुमारे. एक क्राबू खणून बघायचं ठरवलं. वर होतं ते गुडघ्याएवढं झुडूप. खाली गेलो तर आधी मुठीएवढी गाठ, मग मांडीएवढं आडवं लाकूड, त्याला फुटलेली आणखी खोडं, जी शेजारच्या “वेगळ्या” झुडपांना जाऊन मिळत होती. अर्धा दिवस खणून आम्ही दमलो, लाकूड संपलं नाही. तिओ कोयता टेकवून म्हणाले की हे झाड त्यांच्या आजोबांच्या वेळचं असेल. मी ते झुडूप दोन वर्षांचं म्हणून वहीत लिहिलं होतं.

मला तोपर्यंत राबाची उपमा सुचत होती: राख पडते, पाऊस येतो, रोपं उगवतात आणि राख पितात. पण राबात पाऊस आणि पेरणी यांची वेळ साधावी लागते. रोप रुजून मुळं पसरेपर्यंत जो पाऊस पडेल तो राख धुऊन नेतो, म्हणून तर वर माती आणि सगळी घाई. इथं पेरणीची गरजच नव्हती. आग लागली तेव्हा मुळं खाली होतीच, संपूर्ण, जिवंत, साठवलेल्या पिठावर जगणारी. पाऊस येण्याआधीच पानं वर आली होती. पहिला थेंब राखेतून खाली उतरेल तेव्हा त्याच्या वाटेवर आठवड्यांपासून तोंड उघडून बसलेली गोधडी.

हे मी रात्री फोनवर बाबांना सांगायचा प्रयत्न केला. बेलीझमध्ये रात्र म्हणजे आमच्याकडे सकाळ, ते गोठ्यातून बोलत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “म्हणजे तिकडं आवण काढायचं कामच नाय?” आवण म्हणजे लावणीसाठी उपटायची भाताची रोपं. मी नाही म्हटलं. “बरंय,” ते म्हणाले, आणि गाईचं काहीतरी सांगायला लागले.

जूनमध्ये पाऊस आला. खरी परीक्षा आता होती, आणि कामाचा सगळ्यात कंटाळवाणा भागही. रोज सकाळी हातपंप, दुसऱ्या सकाळी सिरिंज, बाटली, लेबल, थंड पेटी. आठवड्यातून एकदा छाटणीच्या चार वाफ्यांत कात्री घेऊन बसायचं आणि जे जे कोवळं वर आलं असेल ते कापायचं. हे काम मला कधीच आवडलं नाही. कापलं की चार दिवसांत पुन्हा कोंब. पुन्हा कापा. चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर गवत थकलं, फुटवे बारीक पिवळट यायला लागले. क्राबू थकलं नाही.

नमुने थंड ठेवून कॅनडात नेले आणि हिवाळाभर मोजत बसले. बाहेर बर्फ, आत माळाचं पाणी. जे दिसलं ते माझ्या बारा वाफ्यांपुरतं आणि एका पावसाळ्यापुरतंच आहे, पण सांगते.

कॅल्शियमच्या बाबतीत मी तोंडावर आपटले. छाटलेले वाफे असोत की न छाटलेले, साठ सेंटीमीटरवर ते फारसं पोचलंच नव्हतं. राखेतलं कॅल्शियम पाण्यात सावकाश विरघळतं, आणि वरच्या थरातलं कुजलेलं सेंद्रिय द्रव्य त्याला घट्ट धरतं. झाडांनी त्याला वाचवायची गरज पहिल्या पावसाळ्यात तरी नव्हती. मातीला मी उगीच नालायक ठरवलं होतं.

पोटॅशियमची गोष्ट वेगळी. ते राखेतून मिठासारखं सुटतं. न छाटलेल्या जळक्या वाफ्यांत पंधरा सेंटीमीटरवर ते पहिल्या पावसांत भरपूर दिसलं, आणि साठवर जवळजवळ न जाळलेल्या वाफ्यांइतकंच. मधल्या हातभर वाळूत कुठं गेलं? त्याच आठवड्यातली कोवळी पाती वाळवून, जाळून मोजली तर तिथं सापडलं. कोवळ्या पात्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस जुन्या पानांपेक्षा कितीतरी जास्त होतं. छाटलेल्या वाफ्यांत मात्र साठच्या पेल्यांत पोटॅशियमचा आकडा पावसागणिक चढत गेला. आणि त्याच्या जोडीनं नायट्रेटही, म्हणजे नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप.

ही जोडी मला आधी योगायोग वाटली. मग लक्षात आलं की पोटॅशियम एकटं खाली जाऊच शकत नाही. त्याच्यावर धन भार असतो, पाण्याबरोबर जायला त्याला ऋण भाराचा सोबती लागतो, आणि नायट्रेट हा तसा फिरता सोबती. अमेरिकेत हबर्ड ब्रुक इथं १९६५ च्या अखेरीस एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली आणि नंतर तणनाशक मारून तीन उन्हाळे काही उगवू दिलं नाही, तेव्हा ओढ्यात नायट्रेट उसळलं होतं आणि त्याच्यामागोमाग कॅल्शियम, पोटॅशियम. माझ्या वाफ्यांत तेच, खेळण्याएवढ्या आकारात. जिवंत मुळं मातीतला सुटा नायट्रोजन नायट्रेट होण्याआधीच किंवा झाल्या झाल्या उचलतात, आणि तो उचलला की पोटॅशियमचा पळून जायचा रस्ताही बंद होतो. म्हणजे झुडपं आणि गवत पोटॅशियम फक्त पिऊन वाचवत नव्हती. त्याची गाडीच काढून घेत होती.

एक खोट मला तेव्हाही टोचत होती. छाटलेल्या वाफ्यांत मुळं मरत होती, आणि मरणारं मूळ स्वतःजवळचं पोटॅशियम मातीत सोडतं. मग खाली दिसलं त्यातलं किती राखेतलं आणि किती मेलेल्या मुळांचं? माझ्या प्रयोगात हे वेगळं करता येत नव्हतं. समितीतल्या एका प्राध्यापकांनी नेमकं हेच विचारलं. मी “हो” एवढंच म्हणाले. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

कोरडा हंगाम पुन्हा आला तेव्हा सामान काढायला बेलीझला गेले. गवताची पाती सोनेरी झाली होती. पिवळी पडण्याआधी त्यांनी आपल्यातला बराचसा ऐवज बुडख्यात आणि मुळात परत नेलेला असतो, तेव्हा आता आग लागली तर तिला मिळणार होता तो बहुतेक रिकामा पेंढा. मी आणि तिओ एकेक नळी उपसत निघालो. साठ सेंटीमीटरवरच्या नळ्या हिसका देताच सुटून आल्या. पंधरावरच्याही छाटलेल्या वाफ्यांत सहज निघाल्या, पेले पांढरे स्वच्छ.

न छाटलेल्या वाफ्यांतली पहिली नळी हलेना. तिओंनी धरून पिळली, तरी नाही. शेवटी कोयत्यानं भोवती गोल कापून मातीच्या ढेकळासकट उचलली. वाळू झटकली तर आत चिनीमातीचा पेला दिसतच नव्हता. त्याला केसांसारख्या बारीक पांढऱ्या मुळांनी चहूबाजूंनी विणून टाकलं होतं, लोकरीची टोपी घातल्यासारखं. ओलसर पेला मुळांना वर्षभर सापडलेला होता, आणि मी पंप मारून त्याच्याकडे पाणी ओढत होते तेव्हा तीही त्याच पाण्याला तोंड लावून बसली होती. त्या पेल्यात आलेलं पाणी मातीतलं होतं की मुळांनी उष्टावलेलं, कुणास ठाऊक.

“हे लिहायला लागेल,” मी तिओंना म्हणाले. त्यांनी ती टोपी नखानं सोलायला सुरुवात केली. मी त्यांचा हात धरला, तो पेला तसाच वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पुढच्या नळीकडे वळलो.